ज्वर उतरल्यानंतरचे दिवस



ताप उतरला की घर निर्धास्त होते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. चार दिवस अंगात कणकण, सर्दी आणि कोरडा खोकला असतो. पाचव्या दिवशी घाम येऊन अंग निवते, रुग्ण पेजेऐवजी भाकरी मागू लागतो आणि घरची माणसे शेताच्या वाटेला लागतात. वर्धा जिल्ह्यात ते दिवस कापसाच्या वेचणीचे असले, तर कष्टकरी कुटुंबास एका दिवसाची मजुरी मोडणेही जड जाते. मूल आजीच्या हवाली होते. सहाव्या अथवा सातव्या दिवशी ताप पुन्हा चढतो, खोकल्याबरोबर पिवळसर कफ पडू लागतो, श्वास जलद होतो. घरात समजूत अशी होते की तोच ताप उलटला. पहिल्यांदा आपोआप गेला, तसा आताही जाईल.

ही समजूत अनेकदा जीवघेणी ठरलेली आहे. कारण परत आलेला ताप हा पुष्कळदा जुना ताप नसतोच. पहिला आजार विषाणूचा असतो. दुसरा, त्याने मोकळ्या केलेल्या वाटेने आत आलेल्या जिवाणूंचा असतो. पहिल्यावर विश्रांती आणि शुश्रूषा बहुधा पुरेशी होते. दुसऱ्यावर वेळीच औषध मिळाले नाही, तर फुप्फुसदाह, म्हणजेच न्यूमोनिया, माणसास दोन-चार दिवसांत नेऊ शकतो. या दोन आजारांमधील संबंध काय आणि त्या दोहोंमधील थोडे दिवस गावाने कसे सांभाळावेत, हा या भाषणाचा विषय आहे.

मानमोडीचे वर्ष

या संबंधाचे सर्वांत भीषण उदाहरण महाराष्ट्राच्या जुन्या पिढ्यांना ठाऊक होते. १९१८ साली जगभर पसरलेल्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीस मराठी मुलखात 'मानमोडी' असे नाव पडले. जूनमध्ये ती मुंबई बंदरात शिरली. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट उसळली आणि लोहमार्गाच्या वाटेने देशाच्या अंतर्भागात पोहोचली. वर्धा हे त्या काळी मुंबई-नागपूर मार्गावरील जंक्शन होते. हिंगणघाटकडे जाणारा फाटा तेथूनच निघत असे. हा जिल्हा ज्या मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत होता, तो देशातील सर्वाधिक हानी सोसलेल्या प्रांतांपैकी एक होय. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. अन्नधान्य महाग झाले होते आणि शरीरे आधीच खंगलेली होती.

या साथीत भारतात किती माणसे दगावली याचे अभ्यासकांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातील असे एकमेव दशक आहे की, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मरणाऱ्यांत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने होती. महात्मा गांधींच्या ज्येष्ठ पुत्राच्या, हरिलाल यांच्या, पत्नीही याच साथीत निवर्तल्या.

या मृत्यूंचे खरे कारण काय, याचा शोध पुढे दीर्घकाळ चालू राहिला. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्या काळातील जतन केलेले फुप्फुसांचे नमुने पुन्हा तपासले आणि जगभरातील आठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदी एकत्र केल्या. बहुसंख्य मृतांच्या फुप्फुसांत विषाणूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंनी दाह केल्याचे त्यांना आढळले. मानमोडीने घाव घातला हे खरे. परंतु बहुतेकांचा प्राण त्या घावातून आत शिरलेल्या दुसऱ्या शत्रूने घेतला. त्या शत्रूवर चालणारे औषध १९१८ साली कोणाजवळच नव्हते. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर दहा वर्षांनी, १९२८ साली, लागला.

आधी कोण, मागून कोण?

या दुसऱ्या शत्रूने शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ चकविले. १८९२ साली जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना इन्फ्ल्युएंझाच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू सापडला. रोगाचे कारण हाच, असे त्यांनी घोषित केले आणि त्यास नावही इन्फ्ल्युएंझाचेच मिळाले. १९१८ च्या साथीत या जिवाणूविरुद्ध लसी तयार करण्यात आल्या. परंतु इन्फ्ल्युएंझा थांबला नाही. मागून आलेल्यास पहिला समजण्याची ही चूक सुमारे चाळीस वर्षे टिकली.

१९३१ साली अमेरिकेतील रिचर्ड शोप यांनी डुकरांच्या इन्फ्ल्युएंझाचा अभ्यास करताना एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. अतिसूक्ष्म गाळणीतून पार झालेला विषाणू एकटा दिला, तेव्हा जनावरांना सौम्य आजार झाला. जिवाणू एकटा दिला, तेव्हा काहीच झाले नाही. दोन्ही एकत्र दिले, तेव्हा मात्र तीव्र फुप्फुसदाह झाला. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्ल्युएंझाचा विषाणू वेगळा काढला आणि पहिला कोण हा प्रश्न निकालात निघाला. दोघांची युती एकेकट्याहून किती तरी घातक असते, हे शोप यांच्या प्रयोगातून निघालेले सूत्र आजही कायम आहे.

वाट मोकळी कशी होते?

निरोगी माणसाच्या नाकात आणि घशात अनेक जिवाणू मुक्कामाला असतात. न्यूमोनियाचा प्रमुख जिवाणू न्यूमोकॉकस हा तर कित्येक लहान मुलांच्या नाकात कोणताही त्रास न देता राहतो. त्याला फुप्फुसात उतरू न देण्याची व्यवस्था शरीराने केलेली आहे. श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांहून बारीक असे असंख्य लोमक असतात. वाऱ्याने शेतातील पीक डोलावे तसे ते एका लयीत हलतात आणि धूळ व जंतू यांसह चिकट स्राव वर घशाकडे ढकलतात. त्यातूनही काही जंतू खाली उतरलेच, तर फुप्फुसातील भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात.

इन्फ्ल्युएंझाचा विषाणू या दोन्ही चौक्या मोडतो. तो अस्तराच्या पेशींत वाढतो आणि त्यांना मारतो. लोमक झडतात, साफसफाई थांबते, उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर जिवाणूंना चिकटण्यास जागा मिळते. या विषाणूच्या अंगी असलेले एक विकर पेशींवरील शर्करेचे आवरण खरवडून काढते, आणि ती सुटी झालेली शर्करा न्यूमोकॉकसला आयतेच अन्न पुरविते. विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी रासायनिक द्रव्ये सोडते, त्यांपैकी काहींमुळे भक्षक पेशींची जिवाणू गिळण्याची क्षमता तात्पुरती मंदावते. एका दाराशी झुंज चाललेली असता दुसऱ्या दारावरचा पहारा ढिला पडावा, तसा हा प्रकार आहे.

विषाणूचा संसर्ग झाल्यापासून साधारणतः एका आठवड्याच्या आसपास हा धोका सर्वाधिक असतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. ताप उतरून घर निर्धास्त होते तो नेमका हाच काळ होय. अस्तर पुन्हा पूर्ववत होण्यास आणखी काही आठवडे लागतात. त्या अवधीत चुलीचा धूर, विडी-सिगारेट आणि अपुरे अन्न या गोष्टी भर घालतात.

प्रतिजैविके आली म्हणून हा धोका संपला, असे मात्र झालेले नाही. २००९ साली स्वाइन फ्लूची जागतिक साथ आली. तिच्यात अमेरिकेत मृत्यू पावलेल्या ७७ व्यक्तींच्या फुप्फुसांची तपासणी झाली, तेव्हा २२ जणांत जिवाणूंचा जोडसंसर्ग आढळला.

गोवर : शरीराची स्मृती पुसणारा आजार

इन्फ्ल्युएंझाची ही करणी काही आठवड्यांची असते. गोवराची त्याहून दीर्घ असते. गोवराचा विषाणू रक्तातील त्या पेशींवरच हल्ला करतो, ज्यांत पूर्वी भेटलेल्या रोगजंतूंची ओळख साठविलेली असते. ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ फॉन पिरके यांनी १९०८ सालीच नोंदविले होते की, क्षयाची त्वचाचाचणी ज्या मुलांत होकारार्थी येत असे, त्यांच्यात गोवर निघाला असता ती काही काळ नाहीशी होते. जणू शरीरास क्षयाच्या जंतूची ओळखच उरत नाही. २०१९ साली नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे नमुने पडताळण्यात आले. निरनिराळ्या रोगजंतूंविरुद्धच्या त्यांच्या प्रतिपिंडांपैकी ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत भाग नष्ट झाल्याचे दिसले. पुसलेली ओळख पुन्हा मिळविण्यास मुलास दोन ते तीन वर्षे लागू शकतात, असे लोकसंख्येच्या अभ्यासांवरून अनुमान आहे.

गोवराने मूल दगावले असे लोक म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात बहुधा गोवरानंतरच्या न्यूमोनियाने अथवा अतिसाराने ते दगावलेले असते. खेड्यांतून अद्याप अशी रीत आढळते की, गोवर निघालेल्या मुलास डॉक्टरकडे नेत नाहीत. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवतात आणि पथ्य म्हणून आहार तोडतात. पाला ठेवण्याने अपाय होत नाही. आहार तोडण्याने मात्र निश्चित होतो. आधीच कुपोषित असलेल्या मुलाची उरलीसुरली शक्ती त्याने जाते. गोवराच्या रुग्णास जीवनसत्त्व 'अ' च्या वयानुसार दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केलेली आहे. त्यामुळे डोळे वाचतात आणि मृत्यूचे प्रमाणही घटते. मूल आरोग्य केंद्रात पोहोचलेच नाही, तर ही स्वस्त आणि सोपी मदत त्याला मिळत नाही.

हा प्रश्न जुना झाला असेही कोणी समजू नये. कोविडच्या काळात लसीकरणात खंड पडल्यानंतर २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला व त्यात बालके दगावली. बाधितांत लस न घेतलेल्या मुलांचा भरणा मोठा होता.

२०२१ चा धडा

कोविडने याच प्रकरणाचा एक निराळा अध्याय महाराष्ट्रासमोर आणला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेक रुग्ण कोविडमधून बरे होत असतानाच गालावर सूज, नाकातून काळसर स्राव, दात हलणे आणि डोळ्यांभोवती वेदना घेऊन परत येऊ लागले. हा म्युकरमायकोसिस, लोकांच्या बोलीतील 'काळी बुरशी', होता. एरवी ही बुरशी मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात असते आणि निरोगी माणसास बाधत नाही. विषाणूने केलेली इजा, ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा अवाजवी वापर या तिघांनी मिळून तिला वाट करून दिली. स्टेरॉइडने अत्यवस्थ रुग्णांचे प्राण वाचविले हे सत्य आहे. परंतु गरज नसताना, रक्तातील साखर न तपासता अथवा अधिक दिवस घेतल्यास तेच औषध शरीराचा पहारा ढिला करते.

त्या उन्हाळ्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील रुग्णालये कोविडच्या रुग्णांच्या उपचारांत गुंतलेली होती आणि काळ्या बुरशीवरील अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनचा देशभर तुटवडा पडला होता. मे महिन्याच्या अखेरीस वर्धा येथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्याने त्याचे उत्पादन सुरू केले. एका जिल्ह्याच्या ठिकाणी असे औषध तयार व्हावे ही समाधानाची बाब खरी. तथापि इंजेक्शनची वेळ येण्यापूर्वीची दक्षता, म्हणजे मधुमेहाची तपासणी आणि बरे झाल्यानंतरचे दोन-तीन आठवडे लक्ष, ही त्याहून स्वस्त आहे आणि प्रत्येक गावास साध्य आहे.

याच काळाने दुसरी बाजूही दाखविली. कोविडच्या रुग्णांत, रुग्णालयात येतेवेळी, जिवाणूंचा जोडसंसर्ग तुलनेने थोड्यांतच होता. तरीही प्रतिजैविके सर्रास दिली गेली. प्रत्येक सर्दीतापावर प्रतिजैविकाची गोळी घेणे हा दुसऱ्या आजारावरील तोडगा नव्हे. विषाणूवर तिचा परिणाम होत नाही आणि जिवाणू मात्र तिला सरावतात. खऱ्या न्यूमोनियाच्या वेळी मग तीच गोळी निष्प्रभ ठरते. यास्तव दुसरा आजार ओळखता येणे, हेच महत्त्वाचे आहे.

श्वास मोजणारे हात

तो ओळखण्यास क्ष-किरण यंत्रच हवे असे नाही. ज्यांचे बालपण सेवाग्रामच्या परिसरात गेले, ते डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात हे सिद्ध करून दाखविले. त्यांनी गावातील अल्पशिक्षित कार्यकर्त्यांना बाळाचे श्वास मोजण्यास शिकविले. मोजणी सुलभ व्हावी म्हणून मण्यांचे साधे उपकरण दिले आणि न्यूमोनिया ओळखला की गावातच औषध देण्याची सोय केली. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेथे हे काम झाले तेथील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू, जेथे ते झाले नाही त्या गावांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी आढळले.

या मोजणीचे नियम कोणीही पाठ करावेत इतके सोपे आहेत. मूल शांत असताना, रडत अथवा दूध पीत नसताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० अथवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० अथवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० अथवा अधिक असतील, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडले असेल अथवा ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मोठ्या माणसांत उतरलेला ताप पुन्हा चढणे, छातीत टोचणे, धाप लागणे, कफातून रक्त पडणे आणि वृद्धांत एकाएकी येणारा भ्रम, या खुणा होत.

गावाने काय करावे?

पहिला उपाय म्हणजे पहिल्या आजारासच रोखणे. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण होताच आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत दिली जाते. पहिल्या मात्रेबरोबर जीवनसत्त्व 'अ' पाजले जाते. मागून येणाऱ्या जिवाणूंविरुद्धही आता लसी आहेत. फायफर यांनी शोधलेल्या जिवाणूच्या घातक 'ब' प्रकारापासून संरक्षण पेंटाव्हॅलंट लसीत अंतर्भूत आहे. न्यूमोकॉकसविरुद्धची लस महाराष्ट्रातील नियमित लसीकरणात २०२१ साली दाखल झाली असून ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात देतात. १८९२ पासून चाललेल्या शोधाचे फळ आता उपकेंद्रात विनामूल्य मिळते. वृद्ध, गर्भवती, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांनी इन्फ्ल्युएंझाच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरा उपाय शिक्षकांच्या हाती आहे. शाळेच्या हजेरीपटावर तापाने गैरहजर राहिलेला विद्यार्थी परत येतो आणि चार दिवसांत पुन्हा गैरहजर होतो. ही दुसरी गैरहजेरी हाच धोक्याचा इशारा होय. त्या दिवशी घरी निरोप धाडावा आणि आशा कार्यकर्तीस कळवावे. गोवर निघाल्याची शंका असलेल्या मुलाची माहिती तर तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी. गोवरातून उठलेल्या बालकांची अंगणवाडीत स्वतंत्र नोंद ठेवावी, त्यांचे वजन पाहावे आणि त्यांना अधिकचा आहार मिळेल असे पाहावे.

तिसरा उपाय ग्रामपंचायतीचा. ऊसतोडीस अथवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे आणि बाहेरून कामास आलेली कुटुंबे यांची बालके लसीकरणातून सुटतात. त्यांची यादी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने करावी. साथीच्या दिवसांत प्रत्येक वाडी-वस्तीवर कोणी तरी एक व्यक्ती अशी असावी की, जी ताप उतरलेल्या घरीही पुन्हा एकदा डोकावून येईल. आशा कार्यकर्तीच्या फेऱ्या त्या दृष्टीने आखता येतील.

या जिल्ह्यास अशा कामाची परंपरा आहे. कस्तुरबांच्या नावे सेवाग्रामात उभ्या राहिलेल्या रुग्णालयातून डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान सुरू केले. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे आणि प्रत्येकाने काही कुटुंबांची ओळख ठेवावी, अशी प्रथा तेथे पडली. पुढे आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी सुगीला ज्वारी जमा करून रुग्णालयाच्या खर्चाचा विमा उतरविण्याची पद्धतही डॉ. उल्हास जाजू यांच्या प्रयत्नांनी रुजली. तिचे महत्त्व येथे ध्यानी येते. पहिल्या आजारात औषधपाणी आणि मजुरी दोन्ही गेलेले कुटुंब दुसऱ्या आजाराच्या वेळी खर्चाच्या भीतीने थांबते, आणि थांबण्यास तर वेळच नसतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांची माहिती गावात आधीच पोहोचलेली असेल, तर ती भीती कमी होईल.

१९१८ च्या आश्विन-कार्तिकात वर्ध्याच्या खेड्यांतील माणसांना आपल्याला काय मारते आहे हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी हाती औषध नव्हते. आज दोन्ही आहेत. पहिल्या आजाराविरुद्ध लस आहे, दुसऱ्याविरुद्ध लस आणि औषध आहे, आणि त्यास ओळखण्याची खूण घड्याळाच्या काट्याइतकी सोपी आहे. उरते ते इतकेच की, ज्वर उतरल्यानंतरही आणखी पंधरा दिवस त्या घराकडे कोणाचे तरी लक्ष असावे.